जिन्याखालच्या दाराचा डॉक्टर

माझा धाकटा भाऊ अस्वलावर डॉक्टर झाला. दुकानात मी हे ज्याला ज्याला सांगते तो विचारतो, "प्राणिसंग्रहालयात असतात का?" मग मला सगळं पहिल्यापासून समजावत बसावं लागतं आणि तेवढ्यात गिऱ्हाईक मोजे न घेताच सटकतं. म्हणून आता एकदाच काय ते सांगून टाकते. ज्याला ऐकायचं त्याने ऐकावं, ज्याला मोजे हवेत त्याने उद्या यावं.

आमचं शाळेच्या गणवेशांचं दुकान आहे. वडील अचानक गेले तेव्हा घरात आम्ही दोघंच कामाची, त्यातही कामाची मी एकटीच. भाऊ तेव्हा शाळेत होता. जाड चष्मा, बारीक मान, आणि कुणी "पाणी दे" म्हटलं तर आधी "कसलं पाणी?" असं विचारायची सवय. घरात त्याला सगळे प्रोफेसर म्हणायचे, ते काही कौतुकाने नव्हे. मी गळ्यात टेप अडकवली ती आजतागायत उतरली नाही. आणि प्रोफेसर शिकला. शिकला म्हणजे काय, शिकतच राहिला.

शिकण्याच्या आधी मात्र तो वाचायचा, हे मला कबूल केलंच पाहिजे. त्याला कांजिण्या झाल्या होत्या तेव्हा वडिलांनी त्याला अस्वलाचं पहिलं पुस्तक आणून दिलं होतं. अस्वलाची पुस्तकं तुम्हाला ठाऊक असतील, आणि नसली तरी घरातल्या कुठल्याही पोराला विचारा. एक राजवाडा आहे, त्यातल्या खोल्या रोज आपली जागा बदलतात. स्वयंपाकघर सकाळी तळघरात, तर दुपारी गच्चीवर. तिथे पहारेकऱ्याची एक मुलगी राहते आणि तिच्यासोबत एक अस्वल, जे सतत काहीतरी चघळत असल्यामुळे तोंड भरल्यासारखं बोलतं. आणि जिन्याखाली एक बुटकं दार आहे. राजवाड्यात सगळं हलतं, ते दार तेवढं हलत नाही. आणि उघडतही नाही. सात भाग झाले, जादूगार झाले, राजे झाले, तोफा झाल्या, एका भागात तर ड्रॅगन येऊन त्यावर आग ओकून गेला. दार आपलं ढिम्म.

प्रोफेसर शाळेतून आला की दुकानाच्या मागच्या बाजूला शर्टांच्या गठ्ठ्यावर बसून ते मोठ्याने वाचायचा. मी घड्या घालत निम्मं ऐकायचे, निम्मं सोडून द्यायचे. पण तो अस्वलाचा आवाज काढायला लागला की पट्टे घ्यायला आलेल्या बायकासुद्धा थांबायच्या. गालात दोन बिस्किटं कोंबून तो बोलायचा आणि स्वतःच इतका हसायचा की बिस्किटांचा चुरा पांढऱ्या शर्टांवर उडायचा. मी त्याला धपाटे घालायचे. तेव्हाचा माझा भाऊ मला फार आवडायचा. सरळ सांगते, तेवढा पुन्हा कधी आवडला नाही.

मग त्याला अभ्यासाची बाधा झाली. एम.ए. झाल्यावर कुणीतरी सांगितलं की आता मुलांच्या पुस्तकांवरही पीएच.डी. करता येते. भाऊ हरखला. त्याला वाटलं, आयुष्यभर अस्वल वाचायचं आणि वर पगार! तो गाईडकडे गेला. गाईड म्हणजे ज्यांच्या हाताखाली प्रबंध लिहायचा ते सर. मोठं प्रस्थ. खोलीत शिरायला पुस्तकांच्या चळतींतून आडवं व्हावं लागायचं. भावाने उत्साहाने विचारलं, "सर, तुम्हाला कुठला भाग सगळ्यात जास्त आवडतो?" सर म्हणाले, "मी मुलांची पुस्तकं वाचत नाही. मी त्यांचा अभ्यास करतो."

दुसरा कुणी असता तर तिथूनच काढता पाय घेतला असता. आमच्या प्रोफेसराने ते वाक्य वहीत लिहून घेतलं!

विषय ठरला. 'अस्वल-मालिकेतील बंद दार: नकार, अवकाश आणि सत्ता'. मला त्याने तो तीनदा समजावला. सारांश इतकाच, की ते दार उघडत नाही म्हणजे त्याला कुलूप आहे असं नव्हे. उघडत नाही म्हणजे ते नाकारतं. राजाला नाकारतं, वाचकाला नाकारतं, अर्थालाच नाकारतं. ते दार कधीही उघडणार नाही, यावरच अख्खा प्रबंध उभा. मी म्हटलं, "अरे, पण लेखिकाबाईंनी पुढचा भाग लिहिला तर?" तो म्हणाला, "ताई, मालिका संपली. बाई आता कोंबड्या पाळतात." मला काय, कोंबड्या तर कोंबड्या. मी टाचण्या तोंडात धरल्या आणि कामाला लागले.

त्यानंतर घरातल्या अस्वलाच्या पुस्तकांचे जे हाल झाले ते बघवत नव्हते. पानापानाला रंगीत चिठ्ठ्या. पिवळी म्हणजे सत्ता, गुलाबी म्हणजे देह, हिरवी म्हणजे मला वाटलं जंगल, तर नाही, हिरवी म्हणजे मौन. पुस्तकं इतकी फुगली की मिटेनात, मग ती माझ्याकडच्या पट्ट्यांनी आवळून बांधून ठेवली. अस्वलाच्या भुकेवर एक प्रकरण झालं. शेपटीवर एक झालं. चित्रात शेपटी दिसत नाही, म्हणून 'अनुपस्थिती' या मथळ्याखाली. मी एकदा त्याच्या परिसंवादाला गेले होते, ऐकायला माणसं कमी पडत होती म्हणून. तिथे अर्धी मंडळी म्हणत होती अस्वल म्हणजे राज्यसत्ता, अर्धी म्हणत होती अस्वल म्हणजे आई. दुपारी जेवायला दोन्हीकडचे वेगवेगळ्या टेबलांवर बसले आणि एकमेकांकडे मीठसुद्धा मागेनात. माझ्या शेजारच्या बाईंनी विचारलं, तुमचं काय मत? मी म्हटलं मी गणवेशवाली. त्यांनी लिहून घेतलं. पुढे कळलं, 'गणवेश आणि अस्वल' यावर त्यांचा निबंध आला.

तोवर भावाचं लग्न झालं, मुलगी झाली. वहिनी रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. बाई शांत, पण सुई टोचावी तसं एकच वाक्य बोलते आणि विषय संपवते. आणि मुलगी म्हणजे आमची मुंगी. लहानपणी जे सापडेल ते तोंडात धरून घरभर फिरायची म्हणून मुंगी. ती पाच-सहा वर्षांची झाल्यावर तिने बापाकडे हट्ट धरला, अस्वल वाच. प्रोफेसर बसला वाचायला. दोन ओळी झाल्या न झाल्या तोच थांबला. "मुंगे, इथे बघ हं. अस्वल 'मी' नाही म्हणत, 'आपण' म्हणतं. का बरं?" आणि पेन्सिल शोधायला उठला तो उठलाच. मुंगी रडली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी वहिनीने पुस्तक हातात घेतलं, पण ती वाचते म्हणजे रिपोर्ट वाचून दाखवल्यासारखं. ड्रॅगन आला. आग लागली. नॉर्मल. शेवटी पोरगी वैतागून स्वतःच वाचायला शिकली, वर्गात सगळ्यांच्या आधी. पण तिच्या मनातून ते गेलं नव्हतं. बाबाने अस्वलाचा आवाज काढावा आणि मधे थांबू नये, एवढंच तिचं मागणं.

आता खरं घोडं कुठे पेंड खात होतं ते सांगते. प्रोफेसर कॉलेजात शिकवायचा, पण तासिका तत्त्वावर. म्हणजे तास घेतला तर पैसे, सुट्टी लागली तर हवा खा. वर्षानुवर्षं असंच चाललेलं. मग नवे प्राचार्य आले आणि त्यांनी फर्मान काढलं: यंदा ज्याच्याकडे पीएच.डी. नसेल त्याचे तास बंद. ज्याच्याकडे असेल त्याच्यासाठी डिपार्टमेंटमध्ये एक कायमची जागा रिकामी आहे. आणि त्या जागेवर टपलेली दुसरी दोन माणसं होतीच. वहिनी म्हणाली, "यंदा नाही झालं तर मी तुझं तोंड बघणार नाही." मी मनात म्हटलं, यंदा नाही झालं तर हा माझ्या दुकानात येऊन बसेल आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारेल, 'कसला शर्ट?'

पण भाऊ पेटला. प्रबंध पूर्ण केला, बांधून घेतला, जमा केला. व्हायवाची तारीख लागली. व्हायवा म्हणजे भर सभागृहात तोंडी परीक्षा. बाहेरच्या विद्यापीठातून परीक्षक येतात, खुर्च्यांवर कुणीही येऊन बसू शकतं आणि शेवटी श्रोत्यांनाही प्रश्न विचारायची मुभा असते. विचारत मात्र कुणी नाही. तशी रीतच आहे.

आणि तारीख तोंडावर आली असताना सकाळी पेपर उघडला तर पहिल्याच पानावर अस्वल! कोंबड्या पाळणाऱ्या बाईंनी गुपचूप आठवा भाग लिहिला होता. त्याच आठवड्यात दुकानांत येणार होता.

भाऊ धावत माझ्याकडे आला. चेहरा सगळा उतरलेला. "ताई, मला सरांकडे सोड. माझ्याने स्कूटर चालवली जाणार नाही." मी शटर अर्धं ओढलं आणि त्याला मागे बसवलं. सर केटलीत चहाचं पाणी तापवत होते. त्यांना बातमी माहीत होती, पण कपाळावर आठी नाही.

"वाचलंत?" त्यांनी विचारलं.

"नाही सर. अजून यायचंय."

"उत्तम. वाचू नका."

सर समजावू लागले. "तुमच्या अभ्यासाची मर्यादा सात भाग. जे वाचलंच नाही त्याबद्दल तुम्हाला कोण काय विचारणार? वाचलंत की कळलं. कळलं की सांगावं लागलं. सांगितलं की प्रबंध परत लिहा. त्यापेक्षा न कळणं ही इथे पद्धत समजा."

"पण सर, बाईंनी जर दार..."

"बाईंना काय कळतं त्यांच्या पुस्तकातलं? आपल्या शास्त्रात लेखक मेलेलाच धरायचा असतो."

"अहो, पेपरात कोंबडी घेऊन फोटो आलाय त्यांचा," मी म्हटलं. सरांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी आपली स्कूटरची किल्ली बोटात फिरवत बाहेर जाऊन उभी राहिले.

त्या दिवसापासून घरात आठव्या भागाला बंदी. वहिनीने तर दारातच मुंगीची बॅग तपासायला सुरुवात केली, लॅबमध्ये नमुना तपासावा तशी. प्रोफेसर शाळांवरून जाईनासा झाला. पुस्तकांचं दुकान आलं की रस्ता ओलांडायचा. बसमध्ये पोरं दिसली की वहिनीच्या लॅबमधला कापूस कानात घालायचा. वर्गात त्याने जाहीर केलं की जो कुणी आठव्या भागाचं नाव काढेल त्याची हजेरी कापली जाईल. मराठीचा प्राध्यापक आणि मुलांना म्हणतो वाचू नका! पण कोंबडं झाकून ठेवलं म्हणून तांबडं फुटायचं थोडंच राहतं?

मुंगीला पुस्तक मी आणून दिलं. का नाही देणार? चौथीतली पोर, वर्गात सगळ्यांच्या हातात अस्वल आणि हिच्याच घरी बंदी. घरी न्यायचं नाही एवढीच अट. शाळा सुटली की ती दुकानात यायची आणि कपडे घालून बघायच्या खोलीत कडी लावून वाचत बसायची. बाहेर बायका दारावर थापा मारायच्या, "अहो, कोण आहे आत? किती वेळ?" मी सांगायचे, "मापात बसत नाहीये, बदलतेय." आतून फिसफिस हसण्याचा आवाज यायचा. एकदा तर तोंडात काहीतरी कोंबून बोलल्याचा आवाज आला. अगदी बापासारखा.

मला गोष्ट कळली ती मात्र दुसऱ्याच पोरांकडून. तिघं-चौघं आयांबरोबर स्वेटर घ्यायला आलेली. पोरांच्या तोंडात तीळ भिजत नाही, ती आपसात ओरडत होती. ते दार उघडतं! पहिल्याच प्रकरणात उघडतं! त्याला कुलूप नव्हतंच कधी. मंत्र झाले, तोफा झाल्या, पण साधं ढकलून कुणी बघितलंच नव्हतं. अस्वल दमून टेकायला जातं आणि धपकन आत पडतं. आत एक म्हातारा रखवालदार चहा पीत बसलेला असतो आणि म्हणतो, "या. इतकी वर्षं नुसता दंगा ऐकतोय बाहेर, आत कुणी येईच ना."

मी स्टुलावर बसले. आधी हसू आलं, इतकं की डोळ्यांत पाणी आलं. मग प्रबंध आठवला. चारशे पानं, रंगीत चिठ्ठ्या, अवकाश, सत्ता आणि नकार. आणि दार नुसतं ढकलायचं होतं!

तेवढ्यात मुंगी खोलीतून बाहेर आली, रागाने लाल. "आत्या, तू ऐकलंस? त्यांनी फोडलं?"

"तेवढंच ऐकलं गं. दाराचं. पुढचं तू सांग."

"नाही. आधी बाबाला." तिने पुस्तक छातीशी धरलं. "आत्या, पुढे इतकं भारी आहे ना! बाबा हसून हसून पडेल. बाबाशिवाय कुणाला कळणारच नाही ते. तो म्हणालाय, व्हायवा होऊ दे, मग आपण दोघं मिळून वाचू. मधे न थांबता. शप्पथ घेतलीय त्याने."

मी तिच्या शर्टाची कॉलर नीट केली.

व्हायवाच्या दिवशी सभागृहात चहा-बिस्किटांची सोय माझ्याकडे होती. पुढे टेबलाशी गाईड सर, प्राचार्य आणि बाहेरचे परीक्षक. परीक्षक म्हणजे एक थकलेले आजोबा, सतत घड्याळाकडे बघणारे. मागच्या रांगांमध्ये भावाचे विद्यार्थी. मधे आम्ही: वहिनी, मुंगी, मी. भावाने नवा कोट शिवून घेतला होता, माझ्याकडूनच, आणि खांद्यात थोडा घट्ट झाला होता, कारण माप घेताना तो श्वास रोखून उभा होता.

परीक्षकांनी आधी तळटिपांबद्दल विचारलं. मग समासाबद्दल. मग संदर्भसूचीत एक स्वल्पविराम जास्त आहे का, यावर बराच वेळ चर्चा झाली. भाऊ उत्तरं देत होता, घाम पुसत होता. सगळं सुरळीत चाललं होतं. आणि मग आजोबांनी चष्मा काढला. "असं ऐकतो की मालिकेचा नवा भाग आलाय. समजा, त्यात ते दार उघडलं तर?"

गाईड सरांचं हसू ओठांवरच वाळलं. मागच्या रांगेतली पोरं सगळी एकदम आपापल्या बुटांकडे बघायला लागली, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, अगं बाई, यांना सगळ्यांनाच माहीत आहे!

भाऊ पाणी प्यायला. ग्लास ठेवला. "सर, ते दार उघडणं शक्यच नाही. मालिकेच्या रचनेतच ते बसत नाही. आणि समजा एखादं दार उघडलंच, तर ते हे दार नव्हे."

टाळ्या! गाईड सरांनी सगळ्यात आधी वाजवल्या. प्राचार्यांनी त्यांच्याकडे बघून वाजवल्या. मग रीतीप्रमाणे विचारलं गेलं, "श्रोत्यांपैकी कुणाला प्रश्न?" मी मुंगीकडे बघितलं. पोरीने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते आणि त्यावर बसली होती. ओठ घट्ट मिटलेले. वहिनीने तिच्या पाठीवरून हात फिरवला. कुणी काही विचारलं नाही, आणि माझा भाऊ डॉक्टर झाला.

चहाच्या वेळी मी परीक्षकांना कप दिला. ते हळूच म्हणाले, "बिस्किटं छान आहेत. नातीने वाचून दाखवला हो मला आठवा भाग. तो रखवालदार फार गोड आहे."

मी बशी खाली ठेवली. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं? मग बोलला का नाहीत?"

"बाई, माणूस नोकरीला लागतोय. मी कशाला मोडता घालू?" त्यांनी आणखी एक बिस्किट घेतलं. "आणि त्याने पुन्हा लिहिलं तर पुन्हा मलाच वाचावं लागेल."

थोडक्यात काय, त्या सभागृहात दोन-तीन मोठी माणसं सोडली तर सगळ्यांना ठाऊक होतं, आणि पदवी मिळाली ती ज्याला ठाऊक नव्हतं त्याला. मला राग यायला हवा होता. पण खरं सांगू का, मला तेव्हा आनंदच झाला होता. भावाची नोकरी पक्की झाली, वहिनी कितीतरी वर्षांनी मोकळेपणी हसली. मी उरलेली बिस्किटं मागच्या रांगेतल्या पोरांना वाटून टाकली. गप्प राहिल्याबद्दल त्यांच्या हक्काचीच होती ती.

संध्याकाळी आम्ही घरी बसलो होतो. डॉक्टरांनी कोट काढला, टेकून बसले, हसले. तेवढ्यात मुंगी आतून आली. पुस्तक तिने माझ्या दुकानाच्या पिशवीत घालून आणलं होतं, गणवेशाची घडी असावी तसं. ती बापासमोर उभी राहिली. दुसऱ्या हातात बिस्किटांचा पुडा, आवाजासाठी.

"बाबा, आता?"

प्रोफेसरने पिशवीकडे पाहिलं. त्याला लगेच कळलं आत काय आहे ते. हात पुढे गेलासुद्धा त्याचा, मी स्वतः पाहिलं. आणि मग तो हात मागे घेऊन त्याने चष्मा सारखा केला.

"मुंगे, थोडंसं थांबू या का? सर म्हणाले, प्रबंधाचं पुस्तक करायचं. छापून येईपर्यंत हे नको वाचायला. शिवाय पुढच्या वर्षी बंद दारावर मोठा परिसंवाद आहे, तो मलाच भरवायचाय."

"म्हणजे किती थांबायचं?"

"वर्षभर. फार तर दोन."

दोन वर्षांनी मुंगी सहावीत असेल. तेव्हा बापाने गालात बिस्किटं भरून बोललेलं तिला आवडेल की लाज वाटेल, कुणास ठाऊक. वहिनी म्हणाली, "शप्पथ घेतली होतीस तू." एवढंच. भावाने मान खाली घातली. "अगं, पण कायमची जागा आहे. आता कुठे हातात आलीय. मी वाचलं आणि त्यात काही भलतंच निघालं तर मी काय करू? पुन्हा तास मागत फिरू?"

खरंच घाबरला होता तो. चाळिशीतला माणूस पोरांच्या पुस्तकाला घाबरला होता, आणि ते मुंगीनेही बघितलं. तिने पिशवी पाठीमागे धरली.

"बाबा, नको वाचूस," ती म्हणाली. "विशेष काही नाहीये त्यात. दार नाहीच उघडत."

आमच्या मुंगीला खोटं बोलता येत नाही. नाक लालबुंद होतं तिचं, शेजारपाजाऱ्यांनासुद्धा कळतं. भावाने तिच्याकडे बघितलं. चांगलं रोखून बघितलं. ज्याने मौनावर हिरव्या चिठ्ठ्या लावण्यात तारुण्य घालवलं त्याला एवढं लाल नाक दिसलं नसेल? दिसलं. मी पैजेवर सांगते, त्याला दिसलं. आणि तो म्हणाला, "खरंच?" ती म्हणाली, "खरंच." मग त्याने फोन उचलला. "सर, आठव्या भागातही बंदच आहे. हो, खात्रीलायक आहे. प्रस्तावनेत घालू या ना!" बोलता बोलता तो उभा राहून येरझारा घालायला लागला, इतका त्याला आनंद झाला होता. वहिनी उठून स्वयंपाकघरात गेली आणि तिने नळ मोठा सोडला. मला त्याच्या कानाखाली एक ठेवून द्यावीशी वाटली. पण आता तो डॉक्टर होता, आणि खरं तर माझ्याच्याने हातच उचलवेना. इतकं वाईट वाटलं मला.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मुंगी दुकानात आली. नेहमीसारखी खोलीत गेली नाही. पुस्तक गल्ल्यावर ठेवून शर्टांच्या गठ्ठ्यावर चढून बसली. "आत्या, तुला सांगू का पुढचं?"

"बाबाला सांगायचं होतं ना?"

"तूच ऐक."

मी मोज्यांच्या जोड्या लावता लावता ऐकायला लागले. तिने गालात बिस्किटं भरली आणि अस्वल बोलायला लागलं. रखवालदार काय म्हणाला, पहारेकऱ्याची मुलगी दारातून वाकून कशी आली, राजवाड्यातल्या सगळ्या खोल्या त्या बुटक्या खोलीत कशा गर्दी करून आल्या. चुरा उडत होता, मी उडू दिला. दोन गिऱ्हाइकं थांबून ऐकत उभी राहिली. एका ठिकाणी अस्वल काहीतरी बोललं आणि मुंगी थांबली, वाट बघत असल्यासारखी.

"काय झालं?"

"इथे बाबा हसला असता."

"मग, मी हसते ना!"

"तुला नाही कळणार ते आत्या. तू मागचे भाग कुठे वाचलेस?"

मी तरीही हसले, मोठ्याने, गिऱ्हाइकं दचकतील इतकं. तिला ते काही पटलं नाही. पण तिने आणखी एक बिस्किट तोंडात टाकलं आणि पुढे सांगायला लागली.